उलटा के

नॉर्बर्ट कॅसेबॉमने आयुष्यातली सव्वीस वर्षं एकच अक्षर लिहिण्यात घालवली. माणसं जाडजूड ग्रंथ लिहितात आणि त्यांना वाचक मिळत नाहीत. नॉर्बने एक अक्षर लिहिलं, आणि पन्नास वर्षांनी सुशिक्षित, सधन, चष्मेवाले लोक पाठीवर झोपून, हातात टॉर्च आणि काठीला बांधलेला आरसा घेऊन ते वाचायला लागले.

अक्षर होतं के. एक उभी रेघ आणि तिला उजवीकडे फुटलेले दोन फाटे. के म्हणजे कॅसेबॉम, जर्मन आडनाव. सेंट लुइसच्या नॅचरल ब्रिज रस्त्यावरच्या कारखान्यात कॉर्व्हेट गाडीचं धूड समोरून सरकत यायचं. इंजिन आणि माणूस यांच्यामधल्या आडभिंतीत तारांसाठी भोकं असायची आणि त्या भोकांना रबरी बुचं. नॉर्बने प्रत्येक बूच अंगठ्याने दाबून बघायचं आणि पिवळ्या मेणखडूने खाली के काढायचा. पुढे कोणाच्या मांडीवर पावसाचं पाणी गळलं, तर कोणाच्या नावाने शंख करायचा याची ती सोय होती. एकोणीसशे पंचावन्नमध्ये, एकोणिसाव्या वर्षी तो तिथे लागला. एक्याऐंशीत गाडीने केंटकीत बिऱ्हाड हलवलं, तेव्हा नॉर्बने खडू खाली ठेवला आणि उरलेलं आयुष्य एका शाळेच्या बॉयलरशेजारी काढलं. कथा इथे संपायला हरकत नव्हती. पण पडदा पडल्यावर प्रेक्षक आत यायला लागले, त्याला तो काय करणार?

हे प्रेक्षक म्हणजे मिसिसिपी खोरे कॉर्व्हेट पारखी मंडळ. सोमवार ते शुक्रवार हे लोक दात काढतात, दावे चालवतात, विमे विकतात. शनिवारी एकमेकांच्या गाड्यांना मार्क देतात. त्यांचा नियम एकच: गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच दिसली पाहिजे. वाईट दिसली तर मार्क जातात, आणि चांगली दिसली तर जास्त जातात. घाईच्या दिवसांत कुठे आतल्या कोपऱ्यात रंगाचा ओघळ आला असेल, तर तोही हवा, तेवढाच लांब हवा. मंडळाच्या एका वकिलाने तसे ओघळ काढायला चित्रकार ठेवला होता. तीन आठवडे तो माणूस ब्रश घेऊन निष्काळजीपणाचा सराव करत होता. असल्या ओघळांवरून फोरमन ब्रँट भर लाइनीवर माणसांच्या आया उद्धरायचा. नॉर्बने पुढे कधीतरी ते चित्रकाराचं काम बघितलं आणि म्हणाला, "छान आलाय. ब्रँटने ह्याला दुपारच्या आत घरी पाठवलं असता."

दुर्मीळ या शब्दावर ह्या लोकांचा फार जीव. त्रेपन्न सालच्या पहिल्या गाड्या, अवघ्या तीनशे, सगळ्या पांढऱ्या आणि आत लालभडक. त्यांच्याबद्दल ते पहिल्या प्रेमासारखं बोलतात. त्रेसष्टच्या गाडीला मागच्या काचेत मधोमध एक उभी पट्टी होती. चौसष्टच्या गाडीत ती गेली, तेव्हा आपली गाडी जुनाट दिसू नये म्हणून कित्येकांनी करवत घेऊन ती स्वतःच कापली. आता तेच लोक, त्याच हातांनी, ती पट्टी शोधत देशभर हिंडतात. सदुसष्टमध्ये शर्यतीचं इंजिन घातलेल्या वीस गाड्या निघाल्या. एकोणसत्तरमध्ये ॲल्युमिनियमच्या इंजिनाच्या दोन. त्र्याऐंशी सालची तर एकही विकली गेली नाही, एकच उरली आहे आणि ती संग्रहालयात आहे. तिचं नाव निघालं की मंडळी आवाज खाली आणतात.

अशा भाविकांपुढे एके दिवशी उलटा के प्रकटला.

मंडळाचा मुख्य पारखी ट्रॉय हाफरकँप. ॲफ्टनमध्ये त्याची गाड्या दुरुस्तीची शेड आहे, आणि गाडीखाली सरपटताना त्याच्या चेहऱ्यावर जो शांतपणा येतो तो चर्चमध्ये येत नाही. सदुसष्टच्या वसंत ऋतूतल्या काही गाड्यांवर त्याला के उलटा सापडला. उभी रेघ उजवीकडे आणि फाटे डावीकडे. झालं. मंडळाच्या मासिकात चार वर्षं लेख आले. एकाने लिहिलं, ही शर्यतीच्या खास गिऱ्हाइकांसाठीची गुप्त खूण. दुसऱ्याने लिहिलं, कामगाराने मालकांविरुद्ध केलेला मूक निषेध. लाडू नावाच्या श्रीमंत उपनगरातले दंतवैद्य, डॉक्टर प्रेंटिस व्हँडरव्होर्ट यांनी तर उलट्या के ची गाडी घ्यायला आपली बोट विकली, आणि पत्नीला ते नंतर सांगितलं.

नॉर्ब त्यांना सापडला तो मासळीच्या जेवणात. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार होता, चर्चच्या तळघरात कॉडचे तुकडे तळले जात होते. रांगेत हाफरकँप पुढे, नॉर्ब मागे. सेंट लुइसमध्ये दोन अनोळखी माणसं भेटली की जे विचारतात तेच हाफरकँपने विचारलं.

"हायस्कूल कुठलं?"

"क्लीव्हलँड."

"मग नोकरी?"

"कॉर्व्हेटच्या लाइनीवर. बुचं तपासायचो. के काढायचो."

हाफरकँपच्या हातातली कोबीची कोशिंबीर पुढच्या बाईंच्या पर्समध्ये गेली.

पुढच्या शनिवारी नॉर्ब शेडमध्ये उभा होता आणि डॉक्टर व्हँडरव्होर्ट त्याला आपल्या गाडीवरची खूण दाखवत होते. "मिस्टर कॅसेबॉम, हा तुमचाच ना?"

नॉर्बने बघितलं. त्याला सगळं आठवलं. त्याने मागे वळून बघितलं, ब्रँट कुठे दिसत नाही ना म्हणून. ब्रँटला जाऊन तीस वर्षं झाली होती.

"के माझाच," तो म्हणाला.

खोटं त्यात काही नव्हतं. खरंही फारसं नव्हतं. पण टाळ्या पडल्या. आणि टाळी ही अशी गोष्ट आहे की माणूस ऐंशीचा असो की आठचा, ती ऐकली की पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. नॉर्बला मंडळाची टोपी मिळाली, पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली, भिंतीवर फोटो लागला. दर शनिवारी तळलेल्या रॅव्हिओलीचं ताट पहिलं त्याच्यापुढे यायचं. त्याची बायको डोलोरेस तीन वर्षांपूर्वी गेली होती. तिच्यामागे शनिवार नावाचा वार नॉर्बच्या घरात यायचा, दिवसभर बसायचा आणि एक शब्द न बोलता निघून जायचा. आता नॉर्ब शनिवारी सकाळी सहाला दाढी करू लागला.

लोक सही मागायचे. सही म्हणजे उलटा के. पहिल्यांदा तो सरळच आला, मंडळींचे चेहरे पडले. मग नॉर्बने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आलेल्या बिलांच्या पाठीवर, आठवडाभर सराव केला. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, जीभ दातांत धरून, कधीही न काढलेलं आपलं स्वतःचं अक्षर गिरवत होता. नटाला भूमिका उतरवायला वेळ लागतो. नॉर्बची सहा दिवसांत उतरली.

आता त्या वसंत ऋतूत काय झालं ते सांगायला हवं.

तरुणपणी नॉर्बला दुपारच्या बेसबॉलचं वेड होतं. सामना असला की त्याची आजी वारायची. सहासष्ट साली त्याच्या तीन आज्या वारल्या. तिसऱ्या आजीनंतर ब्रँटने त्याला लेखी ताकीद दिली: आणखी एक खाडा, आणि कायमचा खाडा. घरी डोलोरेसला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. अशात सदुसष्टच्या मार्चमध्ये चर्चच्या बोलिंग लीगमध्ये नॉर्ब आपल्याच सांडलेल्या बिअरवर घसरला आणि उजवं मनगट मोडून बसला.

दुसऱ्या दिवशी तो हात कोटाच्या खिशात घालून लाइनीवर आला. डाव्या हातात टॉर्च, कारण त्याशिवाय बुचं दिसत नसत, उजवा खिशात, चेहऱ्यावर कमालीचा कामसूपणा. गाडीच्या आत, पुढच्या फळीखाली तारा जोडायला क्लोव्हिस टॉलिव्हर बसायचा. ह्या बाजूला नॉर्ब, त्या बाजूला क्लोव्हिस, मध्ये ती आडभिंत. पाच वर्षं दोघं एकमेकांशी भोकांतून बोलत होते. क्लोव्हिसने भोकातून नॉर्बचा चेहरा बघितला.

"हात कुठाय?"

"खिशात."

"खिशात कशाला?"

"मोडलाय."

मग एकेक बूच आतून दाबलं जाऊ लागलं. नंतर क्लोव्हिस उठला, पुढची काच अजून बसवायची होती त्या रिकाम्या चौकटीतून कमरेत वाकला, वटवाघळासारखा डोकं खाली करून आडभिंतीवर लोंबला, हात पुढे करून म्हणाला, "खडू दे." आणि त्याने के काढला. त्याला दिसत होता तसा, अगदी सरळ.

सहा आठवडे हे चाललं. तासाला किती गाड्या यायच्या ते नॉर्बला आठवत नाही. क्लोव्हिसच्या पाठीला ते जन्मभर आठवत होतं.

क्लोव्हिस अकरा वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको अर्लीन वॉलनट पार्कमध्ये त्याच विटांच्या घरात राहते. दर बुधवारी नॉर्ब लोण्याचा चिकट केक घेऊन तिच्याकडे पिनॉकल खेळायला जातो. पूर्वी चौघं खेळायचे, मग तिघं, आता दोघं. दोघांचा पिनॉकल म्हणजे खेळ कमी आणि हिशेब जास्त, पण पत्ते हातात असले की म्हाताऱ्या माणसांना गप्प बसायला निमित्त मिळतं.

एका बुधवारी नॉर्ब मंडळाची परीक्षणाची पुस्तिका घेऊन गेला. नवी आवृत्ती निघायची होती, त्याचा कच्चा मसुदा. त्यात कॅसेबॉम हे नाव होतं. ते दाखवल्याशिवाय त्याला राहवेना. माणूस मोठा झाला की थोडा मूर्खही होतो.

अर्लीनने चष्मा लावला. ती चाळीस वर्षं शाळेच्या खानावळीत होती, पोरगं कोणतं दोनदा वाढून घेतंय ते तिला पाठमोरं कळायचं. तिने तीन पानं वाचली. पत्ते उलटे करून टेबलावर ठेवले.

"नॉर्बर्ट." एरवी ती त्याला नॉर्ब म्हणते. "ह्यात तुझं नाव सात वेळा आहे."

"सात? मी सहा मोजले."

"एक तळटीपेत आहे. 'उलटा के हा मिस्टर कॅसेबॉम यांच्या स्वतंत्र वृत्तीचा आविष्कार.' कोणाच्या वृत्तीचा?"

"ते लोक लिहितात गं. मी फक्त के माझा म्हणालो."

"आणि हात कोणाचा?"

नॉर्बने केकचा तुकडा उचलला आणि परत ठेवला.

"तुला काढलं असतं," अर्लीन म्हणाली, "तर युनियन चार दिवस तरी भांडली असती. तो काळा. त्याला काढलं असतं तर त्याच दुपारी त्याच्या जागी दुसरा बसला असता आणि कोणी विचारलंही नसतं. त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. रोज रात्री मी त्याच्या पाठीला लिनिमेंट चोळत होते आणि म्हणत होते, तुझा तो जर्मन इतका मोलाचा आहे का? काय म्हणायचा माहितीय?"

"काय?"

"म्हणायचा, मोलाचा नाही गं, पण भोकातून दुसरं कोण बोलणार?"

अर्लीनने पुस्तिकेवर बोट ठेवलं.

"ही नवी आवृत्ती कधी छापणार?"

"ह्या शनिवारी मंजूर करतात. मग दहा वर्षं हीच."

"दहा वर्षांनी मी नसेन. तूही नसशील. मग हे पुस्तकच खरं." तिने पुस्तिका मिटून त्याच्याकडे सरकवली. "मला तुझं कौतुक काढून घ्यायचं नाही. त्याचं नाव एकदा येऊ दे. तळटीपेत चालेल. नाही आलं, तर पुढच्या बुधवारी केक आणू नकोस. तूही येऊ नकोस."

तीन रात्री नॉर्ब झोपला नाही. शनिवार आणि बुधवार दोन्ही जोखत होता. शनिवारी टोपी होती, खुर्ची होती, रॅव्हिओली होती, चाळीस माणसं त्याला सर म्हणत होती. बुधवारी एक बाई होती, ती पत्त्यांत लबाडी करायची.

शनिवारी तो गेला तो अर्लीनला गाडीत घालूनच. शेड भरली होती. हाफरकँपने मसुदा मंजुरीला ठेवला आणि म्हणाला, "मिस्टर कॅसेबॉम दोन शब्द बोलतील."

नॉर्ब उठला. त्याने टोपी काढून खुर्चीवर ठेवली.

"उलटा के मी काढलेला नाही," तो म्हणाला. "एकही नाही. क्लोव्हिस टॉलिव्हर नावाच्या माणसाने काढले. माझा हात मोडला होता. तो आतून लोंबकळून काढायचा. त्याला सरळच दिसायचा. ह्या त्याच्या मिसेस."

टाळ्या पडल्या नाहीत. नाटकात चुकीच्या माणसाने चुकीचं वाक्य म्हटल्यावर जी थंडी सुटते, ती सुटली.

हाफरकँप अदबीने म्हणाला, "सर, पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. स्मृती दगा देते."

"मग मी के माझा म्हणालो ती कोणती स्मृती होती? ती तर तुम्ही लगेच छापलीत."

"त्याला खुणेचा पुरावा होता."

"आणि सर," डॉक्टर व्हँडरव्होर्ट उठले. त्यांचा चेहरा स्वतःच्याच खुर्चीत बसलेल्या रुग्णासारखा झाला होता. "तुम्ही आमच्या फोटोंवर सह्या केल्यात. उलट्या. माझ्याकडे चार आहेत."

"सराव केला होता," नॉर्ब म्हणाला. "बिलांच्या पाठीवर. घरी या, दाखवतो."

मागून कोणीतरी खोकलं. अर्लीन पुढच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन सरळ बसली होती. तिने शेडच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे सदुसष्टच्या गाडीचं एक उघडं धूड घोडीवर चढवून ठेवलं होतं, ना काच, ना इंजिन, नवशिक्या पारख्यांना शिकवायला.

"ते आहे की तिथे," ती म्हणाली. "कोणीतरी आत बसा आणि लोंबा. माझं वय नाही."

"मीच लोंबतो," डॉक्टर म्हणाले. त्यांचा विश्वास होता की के सरळच येणार, म्हाताऱ्याची स्मृती खोटी ठरणार आणि आपली गाडी वाचणार. त्यांनी घड्याळ काढलं, पांढऱ्याशुभ्र पँटसकट आत चढले, रिकाम्या चौकटीतून वाकले आणि उलटे झाले. खिशातली सुटी नाणी आधी खाली आली, मग चष्मा. नॉर्बने चष्मा उचलून त्यांच्या नाकावर चढवला आणि खडू हातात दिला.

डॉक्टरांनी फार निगुतीने अक्षर काढलं. उभी रेघ, वरचा फाटा, खालचा फाटा.

"बघा," ते लोंबकळतच म्हणाले, "सरळ आहे. अगदी सरळ आला."

चाळीस माणसं आडभिंतीसमोर उभी राहून उलट्या के कडे बघत होती.

"सरळ आहे ना?" डॉक्टर म्हणाले. "कोणी बोला की."

"तसेच राहा, डॉक्टर," अर्लीन म्हणाली. "आता असे दिवसाचे आठ तास. सहा आठवडे."

समिती चाळीस मिनिटं आतल्या खोलीत बसली. बाहेर डॉक्टर कंबर धरून फिरत होते. उलटा के जर निव्वळ एका मोडलेल्या हाताची सोय असेल, तर बोट गेली ती कशासाठी, हे घरी काय सांगायचं या विचारात होते. पण पारखी लोकांच्या बुद्धीला कमी लेखू नये. हाफरकँप बाहेर आला तो चेहरा उजळूनच.

"मंडळाने मिस्टर टॉलिव्हर यांचं नाव मान्य केलं आहे," तो म्हणाला. "ह्या खुणेला यापुढे 'टॉलिव्हर के' म्हटलं जाईल. आणि सभासदांनी लक्षात घ्यावं, नेहमीच्या कामगाराऐवजी दुसऱ्याने, फक्त सहा आठवडे, काढलेली खूण. म्हणजे ही आपण समजत होतो त्यापेक्षा जास्त दुर्मीळ ठरते."

डॉक्टरांची कंबर तिथल्या तिथे बरी झाली. त्यांनी अर्लीनचे दोन्ही हात धरले. तिच्याभोवती कोंडाळं झालं. मिस्टर टॉलिव्हर उंच होते का, डावखुरे होते का, त्यांच्या हातचा एखादा कागद घरी आहे का, अगदी किराण्याची यादीसुद्धा चालेल. अर्लीन प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत होती. क्लोव्हिसचं नाव ती पुन्हा पुन्हा, पूर्ण उच्चारत होती, चाळीस अनोळखी तोंडांनी ते म्हणावं म्हणून. रॅव्हिओलीचं पहिलं ताट तिच्यापुढे आलं. नॉर्ब भिंतीशी उभा होता. सरळ के तर हजारो गाड्यांवर होता, तो कोणाच्या कामाचा?

पुस्तिका महिन्याभराने छापून आली. बुधवारी अर्लीनने ती टेबलावर उघडून ठेवली होती. क्लोव्हिस टॉलिव्हर नऊ वेळा. एक फोटो, लग्नातला, कारण तोच चांगला होता.

"तुझंही आहे बरं का," ती म्हणाली. "एकदा. वाचते. 'या काळात नेहमीचे कामगार एन. कॅसेबॉम हे दुखापतीमुळे कामावर गैरहजर होते.'"

नॉर्बने हातातले पत्ते खाली ठेवले.

"गैरहजर?"

"तसं छापलंय."

"अगं, गैरहजर लागू नये म्हणून तर सगळं केलं. मी एक दिवस चुकवला नाही. ताप होता तरी गेलो. रोज उभा होतो तिथे, टॉर्च धरून."

"मग लिही त्यांना पत्र."

"पुरावा मागतील. कोणी बघितलं म्हणून विचारतील."

"माझ्याकडे बघू नकोस," अर्लीन पत्ते लावत म्हणाली. "मी तेव्हा घरी लिनिमेंट गरम करत होते. टाक, तुझा डाव आहे."